शब्द आणि चित्र एकत्र आल्यावर मेंदू कसा शिकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदू शब्द आणि चित्रे वेगवेगळ्या रीतीने साठवतो असे म्हणतात. म्हणजे नेमके काय होते?

कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दुहेरी संकेतनाचा सिद्धान्त सविस्तर मांडला. त्यांच्या मते आपल्या मनात दोन व्यवस्था काम करतात. पहिली भाषेची असते आणि तिच्यात शब्द एकामागून एक, ओळीने येतात. दुसरी प्रतिमांची असते आणि तिच्यात एखाद्या वस्तूचे सगळे भाग एकदम उभे राहतात. ‘विळी’ हा शब्द घ्या. ज्याच्या घरी विळी आहे त्याला तो शब्द कानावर पडताच लाकडी पाट, वर वळलेले पाते आणि टोकाची दातेरी खवणी एकाच वेळी दिसते. पात्यावर भोपळा दाबल्यावर होणारा आवाजही कदाचित आठवतो. परदेशात वाढलेल्या ज्या मुलाने हा शब्द फक्त मराठीच्या वर्गात ऐकला आहे, त्याच्याकडे शब्द असतो, पण त्या शब्दामागे काहीच उभे राहत नाही.

या दोन व्यवस्थांना जोडणारे धागे, हा सिद्धान्ताचा गाभा आहे. शब्दावरून चित्र आठवते आणि चित्रावरून शब्द, त्यामुळे एक वाट बुजली तरी दुसरीने तिथे पोहोचता येते. पायव्हिओ यांच्या प्रयोगांत ‘झाड’, ‘घोडा’ अशा मूर्त अर्थाचे शब्द ‘सत्य’, ‘कर्तव्य’ अशा अमूर्त शब्दांपेक्षा अधिक चांगले लक्षात राहिले, त्याचे स्पष्टीकरण त्यांनी याच दुहेरी नोंदीने दिले. माझा स्वतःचा भर मात्र नोंदींच्या संख्येपेक्षा त्यांच्यामधल्या धाग्यावर आहे. शब्द आणि चित्र एका पानावर छापले म्हणून तो धागा आपोआप विणला जात नाही. शिकणाऱ्याने स्वतः ‘हे म्हणजे ते’ अशी गाठ मारावी लागते. पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीवर उभी आहेत.

म्हणजे मेंदूचा डावा भाग भाषेचा आणि उजवा भाग चित्रांचा, असे समजावे का?

असे समजू नये. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की बोलण्याशी आणि समजण्याशी संबंधित महत्त्वाची केंद्रे बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात असतात. पुढे दोन गोलार्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने तोडलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी संशोधन केले, त्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या संशोधनावरून ‘डाव्या मेंदूची माणसे’ आणि ‘उजव्या मेंदूची माणसे’ ही लोकप्रिय पण चुकीची वाटणी रूढ झाली. निरोगी मेंदूत दोन्ही गोलार्ध अखंड संपर्कात असतात. चित्र पाहतानाही डोळ्यांकडून आलेली माहिती दोन्ही बाजूंच्या मागील भागात पोहोचते आणि त्या चित्राचे नाव मनात आले की भाषेची केंद्रेही जागी होतात. पाहिलेले, ऐकलेले आणि त्या वेळचा प्रसंग यांची एकत्र मोळी बांधण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो.

छापलेला शब्दसुद्धा आपण डोळ्यांनीच पाहतो. मग तोही एक चित्रच नाही का?

हा प्रश्न फार योग्य आहे आणि बहुतेक ठिकाणी तो वगळला जातो. अक्षर हा सुरुवातीला खरोखर आकारच असतो. वाचायला शिकताना डाव्या गोलार्धाच्या मागच्या-खालच्या बाजूचा एक भाग अक्षरांचे आकार ओळखण्यात तरबेज होत जातो. लॉरेंट कोहेन आणि स्टॅनिस्लास डेहाने यांनी २००० साली त्या भागाचे वर्णन केले. लहान मूल ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळते, तेव्हा त्याची बुद्धी कमी पडत नसते. आंब्याच्या फळावर लहानसा डाग असला तरी तो आंबाच राहतो, हे डोळ्यांना माहीत असते. शिरोरेघेतल्या एवढ्याशा फरकाने अक्षरच बदलते, हे त्यांना नव्याने शिकावे लागते.

याचा व्यवहारातला परिणाम असा की छापील मजकूर अर्थाने भाषेचा असला तरी प्रवेश डोळ्यांच्याच दारातून करतो. चित्रही त्याच दारातून येते. म्हणून चित्र पाहायचे असेल तर मजकूर वाचणे थांबवावे लागते आणि मजकूर वाचायचा असेल तर नजर चित्रावरून हलवावी लागते. तेच शब्द कानांनी आले तर डोळे चित्रासाठी मोकळे राहतात.

दोन गोष्टी एकाच वेळी दिल्याने मुलांचा गोंधळ होत नाही का?

होऊ शकतो, आणि तो कधी होतो हे कार्यकारी स्मृतीच्या रचनेवरून कळते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, आत्ता या क्षणी मनात धरून ठेवलेली माहिती दोन वेगळ्या जागी राहते. ऐकलेले किंवा मनातल्या मनात म्हटलेले शब्द एका ठिकाणी घोळत राहतात आणि आकार, दिशा व जागा यांच्यासाठी जणू दुसरी पाटी असते. दोन्ही जागा लहान आहेत. एकाच जागेत खूप कोंबले तर सांडते, पण थोडे इकडे आणि थोडे तिकडे ठेवले तर एकूण अधिक मावते.

अमेरिकेतील रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सायकलच्या चाकात हवा भरण्याचा पंप कसा चालतो, हे विद्यार्थ्यांना शिकवून पाहिले. दांडा वर ओढला की दट्ट्या वर सरकतो, आत येणारी झडप उघडते, बाहेर जाणारी मिटते आणि नळकांड्यात हवा शिरते. दांडा खाली दाबला की सगळे उलट होते. काहींना हे चलच्चित्र आणि त्याचे निवेदन एकाच वेळी मिळाले, तर काहींना आधी एक आणि मग दुसरे. माहिती सगळ्यांना तीच मिळाली होती. ‘दांडा वरखाली केला तरी हवा येत नाही, काय बिघडले असेल?’ अशा प्रश्नांना मात्र ज्यांना दोन्ही एका वेळी मिळाले त्यांनी अधिक चांगली उत्तरे दिली. ‘झडप मिटते’ हा शब्द कानावर असतानाच झडप मिटताना दिसली, तर गाठ तिथल्या तिथे बसते. आधी दोन मिनिटे नुसते ऐकले असेल, तर चित्र समोर येईपर्यंत शब्द निसटलेले असतात.

आपल्याकडे हे कुणी प्रयोगशाळेत शोधण्याच्या पुष्कळ आधीपासून चालत आले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून समोर धरतात आणि जे चित्र समोर आहे त्याच प्रसंगाचे कथन वाद्याच्या साथीने गातात. प्रसंग संपला की चित्र बदलते. ऐकणाऱ्याचे डोळे चित्रावर आणि कान कथेवर असतात, आणि दोन्ही एकाच जागी असतात.

एखादा पाठ घेऊन हे प्रत्यक्ष करून दाखवता येईल का?

भूगोलातील खारे वारे आणि मतलई वारे घेऊ, कारण हा पाठ मुले घोकतात आणि परीक्षेत हमखास उलटा लिहितात. ‘दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना मतलई वारे म्हणतात’ या वाक्यात दिवस-रात्र, समुद्र-जमीन आणि दोन नावे अशा तीन जोड्या आहेत. नुसत्या शब्दांनी त्या धरून ठेवायच्या म्हणजे नाणेफेकच होते.

फळ्यावर एक आडवी रेघ काढा. डावीकडे लाटा आणि उजवीकडे माडाचे झाड. वर सूर्य काढा आणि तो काढत असतानाच बोला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरून वर जाणारा बाण काढताना सांगा की तापलेली हवा हलकी होऊन वर गेली आणि इथला दाब कमी झाला. मग समुद्राकडून जमिनीकडे आडवा बाण काढा आणि ‘खारे वारे’ हे शब्द त्या बाणावरच लिहा, बाजूच्या सूचीत नव्हे. नाव समुद्राच्या खारेपणावरून आले आहे हे त्याच क्षणी सांगा, म्हणजे नाव, दिशा आणि चित्र एका ठिकाणी बसतील. एवढे झाल्यावर थांबा. दुसरे चित्र तुम्ही काढू नका. फळ्यावर पुन्हा रेघ, लाटा आणि माड काढून सूर्याच्या जागी चंद्र ठेवा आणि बाण मुलांना काढू द्या. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, मग हवा कुठे वर जाईल, हे त्यांना स्वतः ठरवावे लागेल. काहीजण बाण चुकीचा काढतील आणि ते चुकणे फार कामाचे असते, कारण धागा कुठे सुटला ते तिथेच दिसते.

किनाऱ्यावरच्या वर्गात आणखी एक जोड देता येते: शिडाच्या होड्या असताना कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत येत. ज्याच्या आजोबांनी शीड सांभाळले आहे, त्या मुलाला हा पाठ परत शिकवावा लागत नाही.

चित्र एकदा पाहिले की कायमचे लक्षात राहते, हे खरे आहे का?

यात सत्य आहे, पण अर्धे. रॉजर शेपर्ड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सुमारे ६०० चित्रे दाखवली आणि नंतर जोडीतले आधी पाहिलेले चित्र ओळखायला सांगितले. जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर आली. लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये ही संख्या १०,००० चित्रांपर्यंत नेली, तरीही ओळखण्याची क्षमता थक्क करणारी होती. चित्रे शब्दांपेक्षा अधिक चांगली लक्षात राहतात हा निष्कर्ष भक्कम आहे.

परंतु ‘हे मी पाहिले आहे’ असे ओळखणे वेगळे आणि त्यात काय होते ते सांगता येणे वेगळे. रेमंड निकरसन आणि मॅरिलिन ॲडम्स यांनी १९७९ मध्ये अमेरिकी लोकांना त्यांच्याच एका सेंटच्या नाण्याची १५ रेखाटने दाखवली, त्यांतले एकच खरे होते, आणि निम्म्याहून कमी लोकांना ते ओळखता आले. आयुष्यभर हाताळलेले नाणे! आपणही पाहा: २० रुपयांच्या नव्या, पोपटी छटेच्या नोटेच्या मागे कशाचे चित्र आहे? महाराष्ट्रातल्या वेरूळ लेण्यांचे आहे, आणि ती नोट रोज हाताळणाऱ्या पुष्कळांना हे सांगता येत नाही. त्या चित्राला आपण कधी शब्द दिला नाही, म्हणून ते डोळ्यांसमोरून रोज जाऊनही मनात उतरले नाही. पाठ्यपुस्तकातील आकृत्यांचेही नेमके हेच होते.

अंकलिपीतील ‘ब बदकाचा’ हीच पद्धत आहे ना? मग काही मुले तरीही अक्षरात का अडतात?

पद्धत तीच आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे, पण तिच्यात एक फट आहे. मूल बदक पाहते, ‘बदक’ म्हणते, त्यावरून ‘ब’ म्हणते, आणि या सगळ्यात ‘ब’ या आकाराकडे त्याची नजर जातच नाही. चित्रावर हात ठेवून बघा. अडखळणारी मुले लगेच ओळखू येतात. दुसरी अडचण नावाची असते. अंकलिपीत ‘ग’साठी गडू काढलेला असतो आणि ज्या घरी त्याला तांब्या म्हणतात त्या घरचे मूल ‘त’ म्हणते. चूक मुलाची नाही, चित्र एकाच शब्दाकडे बोट दाखवत नाही एवढेच.

लिनिया एरी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की वस्तूचे चित्र अक्षराच्या आकारातच गुंफले, तर अक्षर आणि त्याचा ध्वनी मुलांना अधिक चांगला लक्षात राहतो. तेच चित्र आकाराशी संबंध नसताना दिले तर तो लाभ मिळत नाही. अभ्यास इंग्रजी अक्षरांचा होता, पण तत्त्व देवनागरीला लागू करून पाहण्यासारखे आहे. ‘ग’च्या वळणातून गणपतीची सोंड काढण्याचा खेळ आपल्या घरांत चालतोच. तो खेळ नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नये.

माझी मुलगी पाहून शिकणारी आहे आणि मुलगा ऐकून. मग दोघांना वेगवेगळे शिकवावे का?

आवडी वेगवेगळ्या असू शकतात, परंतु आवडीच्या माध्यमातून शिकवल्याने शिकणे अधिक चांगले होते, याला पुरेसा पुरावा नाही. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा हा दावा खऱ्या अर्थाने तपासणारे अभ्यास अत्यंत थोडे निघाले आणि त्यांतले बरेच दाव्याच्या विरुद्ध जात होते. नकाशा हा नकाशा पाहूनच शिकावा लागतो आणि अभंगाची चाल ऐकूनच; माध्यम विषयावरून ठरवावे. या समजुतीने नुकसान होते म्हणून मी हे ठामपणे सांगतो: ‘तू ऐकून शिकणारा आहेस’ असे वारंवार ऐकलेले मूल आकृतीपाशी आले की प्रयत्नच सोडते.

स्लाइडवर मजकूर आणि चित्र दोन्ही असताना मजकूर वाचून दाखवावा का?

सहसा दाखवू नये. डोळे मजकुरावर धावतात, कान तोच मजकूर वेगळ्या वेगाने ऐकतात, आणि मधल्या मध्ये चित्र पाहायचे राहून जाते. स्लाइडवर चित्र आणि त्यावर मोजके शब्द ठेवावेत, बाकीचे तोंडी सांगावे.

भाषा नवी असेल तर मात्र ही सूचना बदलते. घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलाला ऐकलेला शब्द नेमका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हेच कळत नसते, तेव्हा तो लिहिलेला दिसणे हा मोठा आधार असतो. आयआयएम अहमदाबादमध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले काम याच आधारावर उभे राहिले: चित्रपटगीत ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवायचे, म्हणजे तोंडपाठ गाण्याच्या निमित्ताने वाचनाचा सराव होतो.

पान आकर्षक करण्यासाठी चित्रे घातली तर काय बिघडले?

विषयाशी संबंध नसलेले चित्र लक्ष खेचते आणि ते लक्ष मूळ मुद्द्याच्या वाट्यातून जाते. वीज कशी पडते या पाठात वीज पडून जखमी झालेल्या माणसांचे रंजक तपशील आणि चित्रे घातली, तेव्हा विद्यार्थ्यांना वीज निर्माण होण्याचे टप्पे कमी आठवले, असे शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये दाखवले. कोपऱ्यातली हसरी पेन्सिल काढून टाका आणि ती जागा आकृतीला द्या.

मला चित्र काढता येत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही नाही. मग काय करावे?

बिनधास्त काढावे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही शब्द लोकांनी पुन्हा पुन्हा लिहिले आणि काही शब्दांची चित्रे काढली. चित्रे काढलेले शब्द जास्त आठवले, आणि चित्र सुबक होते की नाही याने फारसा फरक पडला नाही. काढताना काय घ्यायचे, काय सोडायचे हे ठरवावे लागते, हात चालवावा लागतो आणि काढलेले पुन्हा पाहिले जाते. हृदयाची आकृती म्हणजे चार चौकोन आणि चार बाण असली तरी चालते. कोणत्या चौकोनातून रक्त फुफ्फुसांकडे जाते एवढे त्यात स्पष्ट असले पाहिजे. चित्रकलेच्या तासाचे गुण इथे मनात आणू नयेत.

‘लोकशाही’, ‘महागाई’ अशा अमूर्त कल्पनांचे चित्र कसे काढायचे?

त्या कल्पनेचे चित्र काढता येत नाही, तिच्या एका प्रसंगाचे किंवा तिच्यातल्या संबंधांचे काढता येते. महागाईसाठी दोन पिशव्या काढा: त्याच १०० रुपयांत एका वर्षी भरलेली पिशवी आणि काही वर्षांनी अर्धी राहिलेली. लोकशाहीसाठी नुसती मतपेटी पुरत नाही. मतदार, ग्रामसभा, सरपंच आणि जाब विचारण्याचा परत फिरणारा बाण असा आराखडा अधिक काही सांगतो. काढल्यावर मुलाला विचारा की या चित्रात कोणती गोष्ट आली नाही. उत्तर देताना त्याला पुन्हा शब्दांकडे यावे लागते.

मेंदू चित्रे शब्दांपेक्षा ६०,००० पट वेगाने समजून घेतो, हे खरे का?

हा आकडा सादरीकरणांत सर्रास फिरतो, पण त्यामागे कोणतेही संशोधन दाखवता आलेले नाही. वाचलेले १० टक्के आणि पाहिलेले ३० टक्के लक्षात राहते, अशा टक्केवाऱ्यांचीही तीच गत आहे. त्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवल्या जातात, मात्र त्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या अनुभवांच्या शंकूत, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंत शिकण्याचे मार्ग मांडणाऱ्या आकृतीत, कोणतेही टक्के नव्हते.

माझ्या मुलाला मनात चित्रच दिसत नाही असे तो म्हणतो. त्याचे काय?

त्याच्यावर विश्वास ठेवावा. काही माणसांना डोळे मिटल्यावर आईचा चेहराही दिसत नाही, पण आईबद्दलचे सगळे त्यांना ठाऊक असते. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले. हा आजार नाही. अशा मुलाला ‘डोळे मिटून कल्पना कर’ असे सांगण्याऐवजी हातात पेन्सिल द्यावी, कारण मनातली पाटी रिकामी असली तरी कागद समोर असतोच. अंध मुलांसाठी उठावाचा नकाशा हेच काम बोटांनी करतो: ‘सह्याद्री’ हा शब्द कानावर पडत असताना बोट कोकणाच्या चिंचोळ्या सपाटीवरून एकदम उभे चढते, आणि पलीकडे पूर्वेला हळूहळू उतरत जाते.